भुताचे हक्क

अवधूतराव मुळावेकरांनी ती नोटीस पाठवली नसती, तर त्यांची कथा आपोआप त्यांच्याकडे परत आली असती. असा काही करार आपण केला होता हे ती कथा सिनेमासाठी घेतलेल्या पूनमसिंग राठोडच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण अवधूतरावांची सदतीस वर्षं महागावच्या तहसील कचेरीत गेलेली, त्यातली शेवटची अकरा अव्वल कारकून म्हणून. समोरच्याला पंधरा दिवस आधी लेखी कळवल्याशिवाय कुठलीही मुदत संपू शकते, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. त्यांनी आर्णीच्या पोस्टातून पोचपावतीसह नोटीस धाडली. पाच वर्षांत सिनेमा न काढल्यामुळे ‘हयातीचा दाखला’ या भयकथेचे हक्क अमुक तारखेला लेखकाकडे परत येतील, याची नोंद घ्यावी.

“आणि त्याने नोंद घेतली तर?” सुहासिनीबाईंनी विचारलं.

“घ्यावी म्हणूनच पाठवली.”

“अहो, तो विसरून बसला होता. तुम्हीच आठवण करून दिली ना.”

अवधूतरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि अंगणात फेऱ्या मारायला सुरुवात केली. त्या फेऱ्या पुढचे पंधरा दिवस काही थांबल्या नाहीत.

पूनमसिंग हा फुलसावंगीचा लग्नाच्या शूटिंगवाला. सीझनमध्ये लग्नं आणि सीझन नसला की सिनेमे, असा त्याचा धंदा होता. अवधूतरावांच्या दोन भयकथांवर त्याने आधी सिनेमे काढले होते. पहिला चांगलाच जमला, कारण शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी त्याचे लाइट उडाले. अर्धा सिनेमा अंधारात गेला, भूत कुठेच धड दिसलं नाही, आणि पाहणारे पार घाबरून गेले. त्या यशाच्या जोरावर पूनमसिंगने नवे लाइट घेतले, आणि तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या सिनेमात सगळं स्वच्छ दिसलं. विहिरीतून भूत वर आलं तेव्हा लग्नाच्या व्हिडिओत पडतात तशा त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, आणि मग ते कपाशीच्या वावरात ड्रोनखाली नाचलं. “साहेब, तुमचं भूत लय मस्त नाचते,” असं भाजीवालीनेसुद्धा सांगितल्यावर अवधूतरावांनी दोन महिने बाजारात जाणं सोडलं होतं.

तिसरी कथा मात्र त्यांना जिवापाड प्रिय होती. निराधार योजनेतली एक म्हातारी हयातीच्या दाखल्यासाठी, म्हणजे आपण जिवंत आहोत या कागदासाठी, कचेरीत खेटे घालते. खेटे घालता घालता मरते, आणि मेल्यावरही येतच राहते. एवढीच गोष्ट. आता पुण्याची एक कंपनी तिच्यावर मालिका काढायला तयार झाली होती. तिथली अनघा नावाची मुलगी दर दोन दिवसांनी फोन करायची.

“सर, हक्क मोकळे झाले का? आम्ही गोष्ट कोकणात नेतोय. समुद्राकाठचा बंगला आहे. तुमच्याकडे धुकं नसतं ना, सर.”

कोकण अवधूतरावांना मुळीच पटलं नव्हतं. पण निदान पाकळ्या तरी पडणार नाहीत, आणि कोकणातही तहसील कचेरी असतेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. एकदा, फक्त एकदा, आपली कथा पाहून कोणाला तरी भीती वाटावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

नोटीस पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पूनमसिंगचा फोन आला.

“साहेब, बरं झालं आठवन देली. उद्यापासून शूटिंग लावून राह्यलो. चार दिवसांत काढतो.”

“चार दिवसांत सिनेमा होतो का, पूनमसिंग?”

“लग्न तं एका दिवसात होते, साहेब.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजला. “साहेब, दाखल्यावर शिक्का कुटं मारतात? वर का खाली?”

मदत करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे त्यांना कळत होतं. सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पण चुकीच्या जागी शिक्का मारलेला सरकारी कागद शेकडो लोक पाहणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तोंडून निघून गेलं, “खाली डावीकडे. आणि गोल नाही, आडवा.”

“तुम्ही कोणाच्या बाजूने आहात हो?” आतून सुहासिनीबाईंचा आवाज आला.

आठवड्याभराने पूनमसिंगचं रजिस्टर पत्र आलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता फुलसावंगीच्या मंगल कार्यालयात करारातील कलम सातनुसार चित्रपट दाखवण्यात येईल, आपण हजर राहावे. अवधूतरावांनी धावत जाऊन करार काढला. कलम सात त्यांनीच लिहिलं होतं, आणि तेव्हा त्याचा त्यांना फार अभिमान वाटला होता. निर्माता, कलाकार व त्यांचे नातेवाईक वगळून किमान पंचवीस व्यक्तींनी, मुदतीच्या आत व कार्यालयीन वेळेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला, तरच चित्रपट निघाला असे समजण्यात येईल.

ते पुन्हा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं.

“नातेवाईक वगळून,” ते म्हणाले. “फुलसावंगीत आणि भोवतालच्या बंजारा तांड्यांत पूनमसिंगच्या नात्यात नसलेली पंचवीस माणसं? आणि त्याचा सिनेमा शेवटपर्यंत बघणारी? मी स्वतः जाऊन मोजणार. रीतसर पंचनामा करणार.”

“मी पण येते,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “पण बाहेरच बसते. आत आले तर उगाच मोजली जाईन.”

बायकोची ही हुशारी पाहून अवधूतरावांना फार बरं वाटलं.

मंगल कार्यालयाच्या मांडवात पूनमसिंगचे नातेवाईक हिरमुसून बसले होते. हिरासिंग मामा, धनीबाई काकू आणि आणखी साठ-सत्तर जण. “घरच्याचा सिनेमा आन आमालेच बंदी,” धनीबाई म्हणत होती. “असा कसा कायदा करते मानूस?” कायदा करणारा माणूस मान खाली घालून तिच्या पुढून आत गेला. सुहासिनीबाई तिच्याच शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि पाच मिनिटांत त्यांच्या हातात चिवड्याची वाटी आली.

आत खिडक्यांना लग्नातले मखमली पडदे लावून अंधार केला होता. पूनमसिंगने कुठून कुठून माणसं गोळा केली होती. बस चुकलेले प्रवासी, मळणीयंत्रावरचे मजूर, एक खताचा एजंट, पोस्टातला नवीन माणूस, आणि मांडवाचे बांबू सोडायला आलेले सहा जण. अवधूतरावांनी मागच्या भिंतीशी खुर्ची घेतली, मांडीवर फाइल ठेवली आणि मोजलं. एकतीस.

म्हणजे सहा जास्तच.

पण सिनेमा सुरू झाला आणि त्यांना धीर आला. नाव आलं तेच सोनेरी बदामांमध्ये फिरत. लोक हसले. मग कारकुनाच्या लग्नाचा प्रसंग आला. तो कथेत नव्हता, पण पूनमसिंगकडे शूटिंग तयार होतं. दहाव्या मिनिटाला खताच्या एजंटला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला तो गेलाच. अवधूतरावांनी एक फुली मारली. तीस. वऱ्हाडाची पंगत पडद्यावर अर्ध्यात आली असेल, तेवढ्यात बाहेर महागावच्या बसचा हॉर्न वाजला आणि चौघं एकदम उठले. सव्वीस.

“बसा ना भाऊ,” पूनमसिंग दारात हात जोडून उभा होता. “भूत येऊनच राह्यलं आता.”

“आलं का बलाव,” पाचवा म्हणाला आणि चपला शोधू लागला. पंचवीस.

अवधूतरावांना आता खुर्चीवर बसवेना. ते पुढे सरकत होते, मागे रेलत होते, पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मजुरांपैकी एकाला घोरताना पाहून झोप म्हणजे पाहणं धरावं की नाही यावर त्यांनी मनाशी बराच खल केला. तेवढ्यात पोस्टातला माणूस घड्याळ बघत उठला, वाकून पडद्यापुढून गेला आणि दाराबाहेर पडला.

चोवीस. अवधूतरावांनी आकडा लिहून त्याभोवती गोल केला. कथा सुटली. आता उठून बाहेर जावं, पुण्याला फोन लावावा, असं म्हणत त्यांनी फाइल बंद केली. आणि त्याच वेळी पडद्यावर पंचफुलाबाई आली.

पंचफुलाबाई शाळेत खिचडी शिजवायची. सिनेमात ती प्रथमच काम करत होती. ती कचेरीच्या बाकड्यावर बसली, पण पुरी नाही, टोकावर. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी तिने मांडीवर ठेवली आणि तिच्या घड्या हाताने सारख्या केल्या. कारकून मान वर न करता म्हणाला, “उद्या या.” ती उठली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा बसली, तशीच टोकावर. केस मोकळे नव्हते, किंकाळी नव्हती. चार दिवसांत पूनमसिंगला संगीत घालायला वेळ मिळाला नव्हता, त्यामुळे फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग कारकुनाने एकदाचा कागद ओढला. खाली डावीकडे आडवा शिक्का होता. कागद तिच्या मृत्यूचा होता. त्याने हळूहळू मान वर केली.

“द्या ना साहेब दाखला,” पंचफुलाबाई थेट पडद्याबाहेर बघत म्हणाली. “मंग जातो मी.”

घोरणारा मजूर केव्हाच जागा झाला होता. अवधूतरावांना एक जुनी संध्याकाळ आठवली. खूप वर्षांपूर्वी कचेरी बंद झाल्यावर दहा मिनिटांनी एक म्हातारी आली होती, आणि कुलूप हातात असताना त्यांनी तिला उद्या या म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचं नाव यादीतून कमी करायला तिची शेजारीण आली. कथा त्यानंतरच लिहिली होती. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, सुहासिनीबाईंनासुद्धा नाही. आज भीती वाटली, पण तिच्यापेक्षा लाज जास्त वाटली, आणि त्यांना उठता आलं नाही.

पडदे उघडले तरी कोणी चपला शोधायला उठलं नाही. पूनमसिंग त्यांच्यापाशी आला. “चोवीस झाले, साहेब. म्याबी मोजले. हरलो मी.” मग जरा थांबून त्याने विचारलं, “पन शिक्का बरोबर होता ना?”

“बरोबर होता,” अवधूतराव म्हणाले. “ते केस मोकळे का नाही सोडले?”

“म्या सांगतलंतं. हासायलेबी सांगतलंतं. हे बाई आयकतच नाही.”

पंचफुलाबाई मांडवातून आत येऊन उभी राहिली होती. “दाखल्यासाटी गेलेली बाई हासते काय? मी चार वर्स गेलतो तिथं. मले नाही आलं हासू.” तिने अवधूतरावांच्या फाइलमध्ये डोकावून पाहिलं. “चोवीस कायचे? आन तुमी?”

“मी पंच आहे, बाई. मी प्रेक्षक नाही.”

“मंग डोयाले रुमाल काहून लावला?”

“बाई, चूप बस,” पूनमसिंग घाईने म्हणाला. “साहेब, तुमी हिच्याकडं ध्यान देऊ नका. पुन्याचे लोक मोठे हायेत, चांगला बनवतीन. तुमी चोवीसच लिहा. मी सही करतो.”

तो खरंच पेन मागत होता. अवधूतरावांनी पेन दिलं नाही. सदतीस वर्षांत त्यांनी पंचनाम्यात खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण बसलं होतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? खिशात फोन थरथरला. अनघाचं नाव होतं. त्यांनी तो वाजू दिला. मग चोवीस सह्या आणि अंगठे घेऊन झाल्यावर, पंचाच्या जागी नव्हे तर प्रेक्षकांच्या रकान्यात, पंचविसाव्या ओळीत त्यांनी सावकाश आपलं नाव लिहिलं. वेळ लिहिली, पाच वाजून बावन्न मिनिटं. कचेरी सव्वासहाला बंद होते, म्हणजे कार्यालयीन वेळेत. पूनमसिंग कागदाकडे बघतच राहिला.

बाहेर सुहासिनीबाई धनीबाईचा निरोप घेत उभ्या होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्या पुढे आल्या. “झालं का? किती भरले?”

“पंचवीस.”

“अहो, आत-बाहेर करणारे मी इथून मोजत होते, पोस्टातला माणूस गेला तेव्हा चोवीस उरले होते. मग पंचविसावा मेला कोण कडमडला?”

अवधूतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “चला,” ते म्हणाले, “बस निघून जाईल.”