एक गोणी गहाळ

उद्वाहन तपासणी कार्यालयात, म्हणजे साध्या भाषेत लिफ्ट तपासणाऱ्या ऑफिसात, एक शिपाई दोन गोण्या वजनाचा होता. ही थट्टा नव्हे. तशी सही-शिक्क्यानिशी नोंद आहे.

नियम असा, की कुठलीही लिफ्ट लोकांसाठी खुली करण्याआधी तिच्यात वाळूच्या गोण्या रचायच्या, तिला वरखाली फिरवायचं आणि ती कुरकुरली नाही तर दाखला द्यायचा. त्यासाठी कार्यालयाकडे वजन करून भरलेल्या गोण्या होत्या. पण एका जागी वर्षानुवर्षं बसून इतर कर्मचारी वाढत गेले, गोण्या मात्र झिरपत गेल्या. त्यातल्या दोन तर इतक्या रोडावल्या, की साहेबांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्या दाराशी टेकवून ठेवण्यात आल्या. नव्या गोण्यांची मागणी वर पाठवली गेली. ती वर पोचली असावी, कारण खाली काहीच आलं नाही.

तेव्हा तात्पुरती व्यवस्था म्हणून या शिपायाला लिफ्टमध्ये उभं करण्यात आलं. माणूस अघळपघळ, दारातून आडवा होऊन शिरणारा, बसला की खुर्चीने देवाचं नाव घ्यावं असा. वजनमापवाल्यांनी त्याला काट्यावर घेतलं आणि लिहून दिलं: सदर इसम बरोबर दोन गोण्या. एका उत्साही कारकुनाने शिक्का इसमाच्या दंडावरच मारावा असं सुचवलं होतं, पण शाई धुतली जाईल या कारणास्तव ती सूचना मागे पडली. पुढे तात्पुरत्याचं कायम झालं, पद निघालं, पदाला 'भार सहाय्यक' असं नाव मिळालं. माणसाला गोणीभाऊ.

काम सोपं होतं. उरलेल्या गोण्यांच्या मधोमध उभं राहायचं आणि गोणीसारखं वागायचं. तपासणी चालू असताना बोलू नये, हलू नये, शिंक आल्यास पूर्वपरवानगी घ्यावी, असं परिपत्रक होतं. गोणीभाऊ ते मनापासून पाळत असे. गावातली एकेक लिफ्ट आधी त्याला घेऊन वर गेली होती आणि मगच बाकीच्या जगाला. एवढा मान कुठल्या मंत्र्याच्या वाट्याला येत नाही.

पण ज्या एका इमारतीत त्याला वर जायचं होतं, तिला लिफ्टच नव्हती. त्याची मुलगी तिथे चौथ्या मजल्यावर राहायची. तिला मुलगी झाली तेव्हा बायको वर गेली आणि हा खाली रस्त्यावर उभा राहिला. मुलीने गॅलरीतून दुपटं दाखवलं. दुपट्यात नात असावी असं त्याने धरून चालायचं. नात रांगू लागली, बोलू लागली, आणि दर आठवड्याला गॅलरीच्या गजांतून खाली बघून टाळ्या पिटू लागली, "आले! खालचे आजोबा आले!"

पहिल्यांदा त्याला फार गोड वाटलं. घरी पोचेपर्यंत मात्र तो शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचायला लागला.

"अगं, खालचे आजोबा म्हणजे काय?" तो बायकोला म्हणाला.

"खाली असता म्हणून खालचे. त्यात तिचं काय चुकलं?" बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "वर गेलात की वरचे म्हणेल."

"वर गेल्यावर वेगळंच म्हणतात."

"म्हणून तर म्हणते, पायांनी जा."

पुढच्या आठवड्यात तो जिन्यापाशी गेला. पहिल्या मजल्यावर पोचला आणि तिथल्या आजीबाईंनी दिलेल्या स्टुलावर असा बसला, की त्या आजीबाईंनी स्टुलाला अखेरचं पाणी पाजायची तयारी केली. पण स्टूल टिकलं आणि तोही टिकला. ताटातलं निम्मं त्याने परत करायला सुरुवात केली. ऑफिसला चालत जाऊ लागला. रस्त्यात धापा टाकायचा, विजेच्या खांबाला टेकायचा, खांबाची चौकशी केल्यासारखं दाखवायचा आणि पुढे निघायचा. दुसरा मजला आला. तिसरा आला. तिसऱ्यावर तो बराच काळ अडकला, इतका की तिथल्या बिऱ्हाडाने त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवला.

आणि एका संध्याकाळी त्याने चौथ्या मजल्यावरची बेल वाजवली. मुलीने दार उघडलं आणि तोंडावर पदर धरून उभीच राहिली. नात आईच्या मागे लपली. कोण हा घामेजलेला सडपातळ म्हातारा? तिने आजोबा पाहिले होते ते कायम वरून.

"खाली वाक," ती म्हणाली.

तो वाकला. तिने त्याच्या डोक्यावरचं गोल टक्कल नीट निरखलं, बोटाने दाबून पाहिलं आणि खात्री पटून किंचाळली, "आई, हे आपलेच आहेत!"

या देहाशी त्याची मात्र अजून तशी ओळख पटायची होती. ऐसपैस दारातूनही तो आडवा होऊनच शिरे. बाकावर बसताना शेजारच्याला उगाचच "सरका" म्हणे आणि मग मधली मोकळी जागा बघून ओशाळे. लाकडी बाकावर बसलं की काहीतरी टोचायचं. बाक तपासल्यावर कळलं की ती आपलीच हाडं आहेत. इतकी वर्षं ती आत होती आणि एकदाही बोलली नव्हती. पंख्याखाली थंडी वाजू लागली. अंगठी बोटातून घरंगळू लागली, तिला बायकोने दोरा गुंडाळून दिला. लोक भेटत आणि हळू आवाजात विचारत, "काही आजार वगैरे?" आजार नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. "मग घरात काही टेन्शन?" तेही नाही म्हटलं की त्यांना फसवल्यासारखं वाटे.

गादीचा प्रश्न सगळ्यांत नाजूक होता. पूर्वी गादीला त्याच्या बाजूला उतार असे आणि बायको झोपेत आपोआप त्याच्याकडे घरंगळत येई. आता गादी सपाट झाली. जवळ यायचं तर ठरवून यावं लागे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ठरवून येणं दोघांनाही जरा लाजल्यासारखं होई. बायकोला जात्यावरच्या ओव्या जुळवायची खोड होती, जातं नसलं तरी. ती कुशीवर वळून गुणगुणली,

"आधी दारात आभाळ, मावेना ते उंबऱ्यात
आता झुळूक शिरते, शोधू कुठे मी घरात?"

"इथे आहे," तो म्हणाला.

"दिसलं," ती म्हणाली आणि ठरवून आली.

इथवर सगळं खाजगी होतं. शासनाच्या लक्षात ते एका नव्या इमारतीच्या तपासणीत आलं. गोण्या रचल्या, गोणीभाऊ मधोमध उभा राहिला, आणि लिफ्ट कधी नव्हे ती हसत हसत वर गेली. साहेबांना लिफ्टचं हसणं आवडलं नाही. त्यांनी गोणीभाऊला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. पूर्वी या कामाला वेळ लागायचा, आज ते चटकन उरकलं. त्याला काट्यावर उभं केलं. काटा एका गोणीवर थांबला.

"दुसरी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

योगायोग असा, की तो कार्यालयाचा आरोग्य सप्ताह होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या हस्ते गोणीभाऊचा शाल देऊन सत्कार झाला: वजन घटवून त्याने सर्वांपुढे आदर्श ठेवला होता. दुपारी त्याच साहेबांच्या सहीने त्याला नोटीस मिळाली: आपल्या ताब्यातील एक गोणी शासकीय भार आपण विनापरवाना नष्ट केला असून त्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? शाल अंगावरच होती. नोटीस वाचताना तिचा उपयोग झाला.

चौकशीला हेडक्लार्क बाई बसल्या. बाई कडक, पण न्यायी. कडकपणा रोज करायच्या, न्याय प्रसंगी.

"भार कुठे गेला, गोणीभाऊ?"

"घामावाटे गेला बाई. थोडा श्वासावाटेही गेला, असं डॉक्टर म्हणाले."

"घाम कुठे गाळलात? ऑफिसच्या वेळेत?"

"नाही बाई, रस्त्यात. आणि मुलीच्या जिन्यात."

"म्हणजे शासकीय मालमत्ता खाजगी जिन्यात." बाईंनी लिहून घेतलं. "ऑफिसात गाळला असतात तर निदान जागेवर तरी राहिला असता."

"ऑफिसात कुणीच घाम गाळत नाही, बाई. मी एकटाच गाळला असता तर वाईट दिसलं असतं."

यावर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

मग आदेश निघाला. भार सहाय्यकाने गहाळ भार सत्वर भरून काढावा. त्यासाठी कॅन्टीनमध्ये त्यास दुप्पट जेवण द्यावं. जेवताना एका जबाबदार कर्मचाऱ्याने समोर बसावं. जिने चढण्यास सक्त मनाई. गोणीभाऊ पानावर बसला. समोर जबाबदार कर्मचारी बसला. घास तोंडाशी आला आणि त्याला पहिला मजला दिसला, मग स्टूल, मग दुपटं. तो उठला आणि थेट साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, मी परत दोन गोण्या झालो तर माझा चौथा मजला जाईल."

"कसला चौथा मजला?"

"नातीचा."

"मुलीला तळमजल्यावर घर घ्यायला सांगा. शासनाने जड राहायचं की तुमच्या नातीने खाली यायचं?" साहेब म्हणाले, आणि आपण काहीतरी सुंदर बोललो असं वाटून त्यांनी ते एका कागदावर टिपून घेतलं.

"मग नोकरी घ्या साहेब. पण घास उतरत नाही."

साहेब दचकले. नोकरी घेतली तर पद रिकामं होणार. पद रिकामं झालं की तपासण्या थांबणार. तपासण्या थांबल्या की वरून विचारणा होणार, गोण्या कुठे आहेत? आणि दोन गोण्या तर त्यांच्याच दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हेडक्लार्क बाईंना हाक मारली. बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि प्रसंग ओळखून न्याय केला.

"साहेब, वजन यांचं कमी झालंय. पदाचं कुठे झालंय? पद दोन गोण्यांचं मंजूर आहे. त्या पदावर जो असेल तो दोन गोण्या. उद्या तुमच्या खुर्चीवर दुसरे कुणी आले तर साहेब म्हणून त्यांचं वजन कमी धरायचं का?"

साहेबांच्या चेहऱ्यावर उजाडलं. "नोटीस?"

"रद्द. भार सापडला म्हणून लिहू. गोणीभाऊ, इथे सही करा."

कागदावर एकच ओळ होती: मी दोन गोण्या आहे.

गोणीभाऊने पेन घेतलं आणि तसंच धरून उभा राहिला. "बाई, पण लिफ्ट? तिच्यात उद्या माणसं चढतील."

"तर?"

"ती एक गोणी कमी घेऊनच पास होईल."

"अहो, लिफ्टला कधी काही झालंय का आजवर? आणि झालंच तर आपला दाखला आहेच."

खिडकीबाहेर संध्याकाळ व्हायला आली होती. या वेळी नात गॅलरीत येऊन उभी राहते, हे त्याला ठाऊक होतं. चौथा मजला एका बाजूला होता आणि गावातली अनोळखी माणसं दुसऱ्या बाजूला. अनोळखी माणसांना गॅलरी नसते. त्याने सही केली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. दोन गोण्यांचा गणवेश शिवून येई, आत एक गोणी आणि एक गोणी वारा. तो लिफ्टमध्ये निमूट उभा राही, लिफ्ट हसत हसत वर जाई आणि साहेब त्या हसण्याला 'समाधानकारक' असा शेरा देत. संध्याकाळी तो चार मजले चढून नातीला खांद्यावर घेई.

एकदा बायकोला घेऊन तो एका मोठ्या दुकानात गेला. बायकोचे पाय दुखत होते, म्हणून दोघं लिफ्टमध्ये शिरली. ही लिफ्ट त्यानेच पास केली होती. माणसं चढत गेली. "सरका जरा," "होईल होईल," "एकच मजला आहे" असं चाललं होतं. शेवटी एक जण पोट आत ओढून चढला आणि घंटा वाजायला लागली. दार मिटेना.

कोपऱ्यात एक जाडजूड बाई हातात पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्या कधीच्या चढलेल्या, सगळ्यांत आधी. पण घंटा वाजली तसे सगळे डोळे तिकडे वळले. कुणी बोललं नाही. सगळे सभ्य होते. बाईंनी पिशव्या पोटाशी घट्ट धरल्या, जणू तेवढ्याने काही कमी होणार होतं, आणि त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मजला बदलत नव्हता, तरी बघत राहिल्या.

"अहो," बायको त्याच्या कानाशी म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

तेव्हा त्याला कळलं की आपणही तिकडेच बघतोय. कदाचित सगळ्यांत आधी आपणच वळलो.

"थांबा बाई, तुम्ही नका हलू," तो म्हणाला. "मी उतरतो. सरकारी हिशेबाने मी एकटा उतरलो की दोन उतरतात." कुणाला ते कळलं नाही. तो उतरला, मागोमाग बायकोही दुखरे पाय घेऊन उतरली. घंटा थांबली.

दार मिटत आलं. फटीतून त्याला दिसलं, आतले सगळे अजून त्या कोपऱ्याकडेच बघत होते.

तुम्हीही होतात आत. दाराच्या बाजूलाच उभे होतात, शेवटी चढलेले. तुमच्या खांद्याला लागूनच दाखला चिकटवलेला होता, एक गोणी कमी असलेला. तो वाचायला तुम्हाला वेळ नव्हता. तुम्ही त्या बाईंचं वजन वाचत होतात.