पिवळी पेटी आणि सासूबाईंचं डुक्कर

बाचोय या शेवयांच्या सूपचा वाडगा तोंडाला लावून क्रिस्पुलोने तळाचा रस्सा संपवला आणि ढेकर देत बाजारातल्या टपरीबाहेर आला, तर गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात डुक्कर होतं आणि पेटी नव्हती.

डुक्कर याच गावच्या फिएस्ताला, म्हणजे जत्रेला, सासूबाईंकडे कापायला घेतलेलं. पेटी कंपनीची. नव्या रस्त्याखालची माती नीट दाबली गेलीय की नाही ते सांगणारं यंत्र तिच्यात होतं आणि यंत्राच्या पोटात वाटाण्याहून लहान असे दोन किरणोत्सर्गी तुकडे. बंद पेटीपासून कुणाला धोका नव्हता. पण एखाद्या भंगारवाल्याने छिन्नी-हातोडा घेऊन ती फोडायला घेतली तर? कंपनीचा सुरक्षा अधिकारी क्रिस्पुलोच होता. यंत्रावरून नजर हलवू नका, असं दर सोमवारी कामगारांना बजावणाराही तोच.

त्याने गाडीखाली पाहिलं, शेजारच्या तीन गाड्यांखाली पाहिलं. संध्याकाळपर्यंत गप्प राहावं, आपोआप सापडेल, असंही क्षणभर मनात आलं. मग छिन्नी-हातोडा डोळ्यांपुढे आला आणि त्याने मनिलाला, अणुसुरक्षेच्या सरकारी कार्यालयात, फोन लावला.

पलीकडच्या बाई अजिबात चिडल्या नाहीत. त्यामुळे तो आणखी घाबरला.

"पेटीला कुलूप होतं ना, सर?"

"होतं, मॅडम."

"आणि गाडीला साखळीने बांधली होती?"

"साखळी होती, मॅडम."

"पेटीला?"

क्रिस्पुलोने डुकराकडे पाहिलं. डुकराने क्रिस्पुलोकडे पाहिलं.

"डुकराला," तो म्हणाला.

"पोलिसांना कळवते मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी लोकांना सावध करा. पेटी कुणी उघडायची नाही, एवढंच सांगा."

लोकांना सावध करायचं म्हणजे गावचा कपितान, म्हणजे सरपंच, गाठायला हवा. कपितानला लाउडस्पीकरची भारी हौस. क्रिस्पुलोने सगळं दोनदा समजावून सांगितलं. कपितानने मान डोलावली, घसा खाकरला आणि सांगितलेल्यातलं स्वतःला आवडलं तेवढंच उचललं.

"ऐका हो ऐका! बाजारात पांढऱ्या गाडीत डुक्कर आहे. किरणोत्सर्गी! कुणी जवळ जायचं नाही!"

"डुक्कर नाही हो, पेटी!" क्रिस्पुलो ओरडला.

"पेटीसुद्धा!" कपितानने भर घातली.

बघता बघता बाजार रिकामा झाला. भाजीवाल्यांनी टोपल्या टाकल्या, न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडली. अंगावरच्या टॉवेलसकट ते गिऱ्हाईक न्हाव्याच्याही पुढे पळालं. एवढी गर्दी कुठे गेली म्हणून डुक्कर तेवढं इकडेतिकडे बघत होतं.

पळाली नाही ती एकटी मासेवाली सालुद, सगळ्या बाजाराची मानांग, म्हणजे थोरली ताई. ती पाय फाकून बसली होती आणि पळणाऱ्यांच्या पाठीवर शिव्या घालत होती. "अरे ए, मासे तरी घेऊन जा की! संध्याकाळी मीच खाऊ काय सगळे?"

आता समोर गिऱ्हाइकांची भिंत उरली नव्हती. तिच्या घोळदार झग्याखालून काहीतरी पिवळं डोकावत होतं.

"मानांग," क्रिस्पुलोने त्या पिवळ्याकडे बोट दाखवलं, "तुम्ही कशावर बसलाय?"

"तुझ्याच पेटीवर. तुझं डुक्कर तिच्यावर चढून बाहेर उडी मारायला बघत होतं. साखळीने फास बसून मेलं असतं! माझ्या दोघा पोरांनी उतरवली म्हणून वाचलं. केव्हाची राखत बसलेय, आणि तू आपला चाकांखाली डोकं घालून फिरतोयस. माणसांना विचारायला काय होतं रे तुला?"

क्रिस्पुलोने गाडीतून किरणं मोजणारा मीटर आणला, पेटीभोवती फिरवला, मानांगभोवती फिरवला. कुलूप शाबूत होतं, किरणं नेहमीइतकीच होती. त्याला रडू फुटलं. मानांगने त्याच्या हातात एक मासा ठेवला.

पेटी मिळाली, त्याच्या पगारवाढीवर पाणी पडून का होईना, नोकरी राहिली. पण डुकराची अब्रू काही परत आली नाही. फिएस्ताच्या दिवशी ते अख्खं भाजून, लालबुंद, कुरकुरीत होऊन टेबलावर आलं, तेव्हा पाहुणे ताटात नुसता भात घेऊन भिंतीला चिकटले.

"जावयाने नाक कापलं माझं," सासूबाई कुजबुजल्या, तेही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

"नानाय, आई, थांबा." क्रिस्पुलोने गाडीतून मीटर आणला आणि डुकराच्या शेपटीपासून नाकापर्यंत फिरवला. कुठेतरी चुकार टिक, बाकी शांत. "बघा! एवढी टिकटिक तर या अंगणातही होते."

सगळ्यांनी कपितानकडे पाहिलं. डुक्कर पुरून टाका, असा आठवडाभर त्यानेच धोशा लावला होता. पण भाजलेल्या कातडीचा वास त्यालाही सोडवेना. "मग पहिला कान माझा," म्हणत त्याने ऐटीत हात पुढे केला.

मीटर तडतडायला लागला.

क्रिस्पुलोने मीटर डुकराजवळ नेला. गप्प. कपितानच्या मनगटाजवळ आणला. तडतड. मनगटावर आजोबांच्या वेळचं घड्याळ होतं, अंधारात आकडे चमकणारं.

"कपितान, आकड्यांना खरं रेडियम लावलंय, किरणोत्सर्गी. घाबरू नका, फक्त उघडू नका आणि—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. भिंतीला चिकटलेले पाहुणे डुकराकडे धावले आणि कपितान पेरूच्या झाडाखाली, घड्याळाचा हात अंगापासून लांब धरून, एकटाच उरला.

"तोतो, पोरा, कर की काहीतरी!" कपितान तिथून ओरडला.

क्रिस्पुलोने मनिलाला फोन लावला. पलीकडे त्याच बाई होत्या. त्यांनी आवाज ओळखला आणि सुस्कारा टाकला.

"आता काय हरवलं, सर?"

"हरवलं काही नाही, मॅडम," तो म्हणाला. "या खेपेला जास्तीचं सापडलंय."