मडिवाळप्पांच्या सुनेचं कॅलेंडर

सून रुद्राणीला लातूरला दाखवायला कुणी न्यायचं, हा प्रश्न घरात आठ दिवस फिरत होता. नवव्या दिवशी मडिवाळप्पांनी चहाची कपबशी आदळली आणि म्हणाले, "मी नेतो. त्यात काय हाय?"

बस, एवढंच. माणसानं चहा पिताना तोंड फक्त चहासाठी उघडावं, ते यासाठी.

न्यायला खरं तर मुलानं न्यायचं. पण रेवणसिद्ध असा लाजरा की लग्नात हार घालतानासुद्धा त्यानं डोळे मिटले होते (हार लग्न लावणाऱ्या जंगमाच्या गळ्यात पडता पडता राहिला). आणि दुखणं पडलं बाईचं. रुद्राणीची पाळी नेमानं येत नव्हती. कधी तीन-तीन महिने पत्ता नाही, तर कधी एका महिन्यात दोनदा. पोटात कळा, डोळ्यांपुढं अंधारी. ती बिचारी दात आवळून कामं करायची आणि घरातली माणसं भलताच अर्थ काढायची. दोन महिने उलटले की सासू शिवम्मा गूळ-खोबरं काढायची आणि मडिवाळप्पा धान्याच्या मोंढ्यात पेढे वाटायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा पेढे काढले तेव्हा शेजारच्या आडत्यानं तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "आप्पा, यावेळी पक्कं ना? का आम्ही उगंच गोड खाऊन राहिलो?"

तिसऱ्यांदाही पक्कं नव्हतं.

मग मडिवाळप्पांची बहीण नागम्मा धर्माबादहून आली. ती आली की घरातली मांजरसुद्धा सरळ बसते. "पोरीला माहेरी धाडून दे आप्पा," ती म्हणाली. "माझ्या नणंदेची लेक हाय. रेवण्याचं दुसरं करू."

आता ही सून मडिवाळप्पांनी स्वतः निवडलेली. तिला नाव ठेवणं म्हणजे त्यांच्या पारखीला नाव ठेवणं. ते उसळले. "चाळीस वर्षं मूठभर तूर बघून पोत्याचा भाव सांगितला मी! मला माणूस पारखता येत न्हाई व्हय? बसव जयंतीपर्यंत थांब. पोरीची तब्येत मार्गी लागली न्हाई, तर तू म्हणशील तसं करीन!"

शिवम्मानं कपाळावर हात मारला. रुद्राणी आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. पण ती भाकरी वाकडी झाली.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. नव्या जिल्ह्यात सगळं नवं होतं. पाट्या नव्या, साहेब नवे, जीपा नव्या. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यात विसरून राहिलं होतं. दोन पावसाळे कोरडे गेले. लातूर-उदगीर रस्त्यावरच्या या गावात टँकर लागला, आणि तो मडिवाळप्पांच्या दारात उभा राहायचा. म्हणजे आला तर.

अशा दिवसांत लातूरला डॉक्टर शिवकांताबाईंनी दवाखाना टाकला. पुण्याला जाऊन त्या चिनी पद्धतीनं सुया टोचायचं शिकून आल्या होत्या. दारात पाटी होती, आणि पाटीवर एक उघडा माणूस काढलेला, अंगभर ठिपके.

"ह्याला देवी आल्यात का?" मडिवाळप्पांनी विचारलं.

"सुया कुठं टोचायच्या ते दाखवलंय, मामा," रुद्राणी हळूच म्हणाली.

मडिवाळप्पांना चीन मुळात पसंत नव्हता. बासष्टच्या लढाईत त्यांनी बोटातली अंगठी काढून सरकारला दिली होती. आता त्याच चिन्यांच्या सुया सुनेला टोचायला एस्टीनं आलो, या विचारानं त्यांचं डोकं आधीच तापलं होतं. ते बाहेर बाकावर बसले आणि पडद्याआडून आवाज आला, "गळ्यातलं जरा बाजूला करा हं."

मडिवाळप्पा पडद्यापर्यंत धावले. "लिंग काढायचं न्हाई! जीव गेला तरी गळ्यातलं लिंग काढत न्हाईत आमच्यात!"

"बाबा, मंगळसूत्र म्हणतेय मी, पोट तपासताना मधे येतंय," डॉक्टरीणबाई आतूनच म्हणाल्या. "आणि आत येऊ नका."

"मग सुई कुठं टोचून राहिलात?"

"पायाला. घोट्याच्या वर चार बोटं."

"दुखणं पोटात आन् सुई पायाला?"

"मोट कुठं असते आणि पाणी कुठं पडतं, बाबा?"

हे त्यांना पटलं. (शेतकऱ्याघरची डॉक्टरीण असली की हा फायदा.) ते परत बाकावर बसले.

सुया झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर घेतलं. पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, ती सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवते आणि दोन मैलांवरच्या विहिरीवरून रोज सहा घागरी आणते, हे त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं. "सुया मी टोचीन. पण दोन्ही वेळा पोटभर जेवण, आणि घागरी बंद. आणि मला तारखा सांगा. मागची पाळी कधी आली होती?"

रुद्राणी बोटं मोजायला लागली आणि मधेच अडकली. आता यात एक गोम आहे. शेजारच्या गुणाबाईच्या घरी बाई चार दिवस बाजूला बसते, त्यामुळं तारीख घरालाच काय, गल्लीला पाठ असते. मडिवाळप्पांच्या घरी लिंगायत, लिंगधारी माणसं, विटाळ मानत नाहीत. सून कुठल्याही दिवशी स्वयंपाक करणार, पूजा करणार. चांगली चाल आहे, पण तारीख कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

"कॅलेंडरवर लाल गोल करा," बाई म्हणाल्या. "तीन महिने झाले की मला आणून दाखवा."

घरी कॅलेंडरांना तोटा नव्हता. आपल्या आडतीच्या दुकानाची जाहिरात म्हणून मडिवाळप्पा ती दरवर्षी छापायचे. एकाच कागदावर बारा महिने, वर बसवेश्वर, खाली दुकानाचं नाव. त्यातलं एक रुद्राणीनं स्वयंपाकघरात लावलं. दुसरं तसंच पुढं दुकानात आधीपासून होतं. टँकर आला की रेवणसिद्ध त्याच्यावर गोल करायचा आणि शेजारी एखादा शब्द लिहायचा. पेन्सिल तीच, लाल.

मडिवाळप्पांनी औषधपाणी अंगावर घेतलं. महिन्यातनं एकदा सुयांसाठी लातूर. रुद्राणी आधी जेवणार, म्हणजे जेवणार. ती लाजली तर हे ताटासमोर पहारा द्यायचे, "खा! डॉक्टरीणबाईचा हुकूम हाय!" सायकलीला दोन्ही अंगांना घागरी बांधून स्वतः पाणी आणायला लागले. अडुसष्टाव्या वर्षी! पहिल्या दिवशी मोंढा दुकानाबाहेर येऊन हसला. "हसा," मडिवाळप्पा ओरडले. "सुनेची पाळी सुधारून राहिलोय. तुमच्यात हाय का हिंमत?"

मोंढा आत गेला. रुद्राणी आठ दिवस खिडकीत आली नाही.

बसव जयंती दोन दिवसांवर आली. नागम्मा ट्रंक घेऊन हजर झाली, निकाल ऐकायला. शिवम्मानं भिंतींना चुना दिला. चुना देताना दोन्ही कॅलेंडरं खाली काढली, वाळल्यावर दोन्ही परत लावली. कुठलं कुठं, ते तिनं बघितलं नाही. बसवेश्वर दोन्हीकडं सारखेच.

दुसऱ्या दिवशी रेवणसिद्ध मालासाठी देगलूरला गेला आणि मडिवाळप्पांनी सकाळच्या एस्टीच्या घाईत स्वयंपाकघरातलं कॅलेंडर गुंडाळलं. "कागदच तर दाखवायचाय. पोरीला कशाला उन्हात?" त्यांना अक्षर फारसं लागत नव्हतं, सही यायची, तीही घाईत अर्धी.

डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर टेबलावर पसरलं. आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाबा... फेब्रुवारीत पाच वेळा?"

"आसंल."

"मार्चमध्ये लागोपाठ तीन दिवस, मग एकदम तेवीस दिवस काहीच नाही?"

"आता त्याला मी काय करू?"

"इथं लिहिलंय, 'गढूळ'. इथं 'अर्धंच'. आणि इथं..." बाईंनी कागद जवळ धरला, "'भांडण झालं'."

"ते बरोबर हाय," मडिवाळप्पा म्हणाले. "सासू-सुनेचं होतंय अधनंमधनं."

"मागच्या खेपेला तर बरी दिसत होती! चालते-फिरते ना?"

"चालते की. काल दोन शेर ज्वारी दळली."

बाईंनी कागद गुंडाळला. "उद्याच्या उद्या तिला घेऊन या. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी द्यावी लागेल. मला हे साधं दिसत नाही."

परतीच्या एस्टीत मडिवाळप्पा कंडक्टरशीसुद्धा भांडले नाहीत. नागम्माचं तोंड आठवत होतं, पण त्याहून जास्त ती वाकडी भाकरी आठवत होती. आपण कोण असा शब्द देणारे? पोरीची तब्येत काय तुरीचं पोतं आहे, पैजेवर लावायला? हैदराबाद तर हैदराबाद, त्यांनी ठरवलं. नागम्माला म्हणायचं, दिलेला शब्द मोडला मी, कर काय करतीस ते.

घरी आले तर घरात एकटी नागम्मा. "तुझी बायको, तुझी सून, सगळी गल्ली पाण्याच्या कचेरीवर गेलीया मोर्चा घेऊन. सून म्होरं!"

"म्होरं? उन्हात?" मडिवाळप्पा तसेच पळाले.

झालं होतं असं. सकाळी गुणाबाई दुकानापुढं घागर टेकून बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण गोल येत होते. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचे गोल मोजले आणि किंचाळली, "अगं बया! मला वाटत होतं टँकर आठ-पंधरा दिवसांनी येतोय. कागदावर तर महिन्यानं येतोय! आपण किती सोसून राहिलो, आपल्यालाच ठाव न्हाई!" आणि कॅलेंडर काढून ती निघालीच. मागं रिकाम्या घागरींचा तांडा.

मडिवाळप्पा कचेरीत घुसले तेव्हा साहेब अण्णाराव खुर्चीवर घाम पुसत होते आणि गुणाबाई कॅलेंडर त्यांच्या नाकापुढं नाचवत होती. "अठ्ठावीस दिवस! पुन्यांदा अठ्ठावीस! मग एकोणतीस! आम्ही काय उंट हाव?"

"फाईल जुन्या जिल्ह्यातून यायची आहे, बाई," साहेब म्हणाले. पण त्यांची नजर कागदावर होती. "एवढी शिस्तवार नोंद मात्र मी कुठल्या गावात पाहिली नाही. हे लातूरला मोठ्या साहेबांपुढं गेलं तर माझी बदली व्हायची!"

"रुद्रा!" मडिवाळप्पा गर्दीतून ओरडले. "चल, आपल्याला लातूरला—"

आणि त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. बसवेश्वरांच्या खांद्यावर फोडणीचा डाग होता. कोपऱ्यात हळदीचं बोट. दुकानात फोडणी कोण घालतं?

त्यांनी रुद्राणीकडं बघितलं. ती पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती, लालेलाल. तिनं आपलं कॅलेंडर केव्हाच ओळखलं होतं. (गुणाबाईनं ते कचेरीच्या दारात उंच धरलं तेव्हाच. पण तोंड उघडलं असतं तर गल्लीचं पाणी गेलं असतं.)

मडिवाळप्पांच्या डोक्यात चाकं फिरली. हे हिचं. म्हणजे डॉक्टरीणबाईनं बघितला तो टँकर. म्हणजे पाच वेळा टँकर, गढूळ टँकर, टँकरवर भांडण! आणि ही पोर... अठ्ठावीस, अठ्ठावीस, एकोणतीस!

"सुधारली!" त्यांनी आरोळी ठोकली. "घड्याळासारखी सुधारली!"

"कोण सुधारली?" साहेबांनी विचारलं.

"मामा!" रुद्राणीचा आवाज एवढा कधी निघाला नव्हता. "पाण्याचं बोला!"

आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात एक शब्द गिळला नव्हता, त्यानं तो तिथं गिळला. "सुधारंल म्हणतोय मी, साहेब. गल्ली. तुम्ही टँकर दिला की सुधारंल."

साहेबांनी एक दिवसाआड टँकर मंजूर केला. तिथंच, सगळ्यांसमोर, सही ठोकून. कॅलेंडर मात्र पुरावा म्हणून शिक्का मारून फायलीत लावून घेतलं. ते मागायची हिंमत कुणाला होणार?

बायका वाजतगाजत परतल्या, आणि गुणाबाईनं रुद्राणीच्या कपाळाला कुंकू लावलं, मोर्चात म्होरं चालली म्हणून. दारात मडिवाळप्पांनी छाती काढून नागम्माला सांगितलं, "तीन महिने, एका दिवसाचाही फरक न्हाई. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर!" नागम्मानं फायलीतला कागद मागायचा प्रश्नच नव्हता. तिनं रुद्राणीच्या भरलेल्या गालांकडं एकदा बघितलं, जयंतीची पोळी खाल्ली, ट्रंक उचलली आणि धर्माबादची गाडी धरली. नणंदेच्या लेकीचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या आठवड्यात सून, सासू, सासरा तिघं लातूरला गेले. सगळी हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई टेबलावर डोकं टेकून हसल्या. मग रुद्राणीला तपासून म्हणाल्या, "छान आहे. सुयांनी झालं, जेवणानं झालं की घागरी सुटल्या म्हणून झालं, ते मला नक्की सांगता येणार नाही."

"मी सांगतो की," मडिवाळप्पा पुढं सरसावले. चिन्यांना श्रेय जाऊ द्यायला ते तयार नव्हते. "सुयाबिया काय न्हाई. ही सगळी माझ्या पाण्याची करामत. रोज सहा घागरी मी वाहिल्या, म्हणून पोरगी बरी झाली. लिहून घ्या!"

"असं म्हणता?" बाईंनी खरंच लिहून घेतलं, आणि चिठ्ठी फाडून शिवम्माच्या हातात दिली. "मग सुया बंद करते. बाबांचं औषध चालू ठेवा. रोज सहा घागरी, टँकरपासून नाहीतर विहिरीपासून माजघरापर्यंत. वर्षभर. आणि एकही दिवस चुकवायचा नाही."

शिवम्मानं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. चाळीस वर्षांत ती एवढी खूश कधी दिसली नव्हती.