अंगठ्यासकट

"आईबापांना पोरांचे फोटो काढायला शिकवायचं ना? एका दुपारचं काम!" फोटोकाकांनी जेवता जेवता छातीठोकपणे जाहीर केलं. बायकोने वाढताना त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ काकांना बरोबर कळला, म्हणून ते घटाघट पाणी प्यायले.

कारण जगाला शिकवायला निघालेल्या ह्या माणसाकडे स्वतःच्या नातीचा एकसुद्धा हसरा फोटो नव्हता! नात एवढीशी आणि सतत लगबगीत, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. येत्या रविवारी ती आईबाबांबरोबर परदेशी निघाली होती, तीही कायमची. तिच्या पासपोर्टचा फोटो अर्थातच काकांनी काढला. पण कॅमेऱ्यासमोर बसवलं की मुंगीला खुदकन हसू यायचं, आणि हसरा फोटो कचेरीत चालत नाही. फोटो परत आला. पुन्हा काढला, पुन्हा परत! शेवटी काका तिच्यावर ओरडले, "हसायचं नाही म्हणून सांगितलं ना! हनुवटी खाली!" तो फोटो मात्र पास झाला. तेव्हापासून काकांनी कॅमेरा उचलला रे उचलला, की मुंगी दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घ्यायची.

काकांच्या मनाला हे फार लागलं होतं. मान सरळ, दोन्ही कान स्पष्ट, असे गावभरचे चेहरे त्यांनी काढले होते, आणि ज्या चेहऱ्यासाठी जीव तुटत होता तो तळहातांआड!

शनिवारी वर्ग भरला. स्टुडिओच्या मागच्या खोलीत आईबाप फोन सरसावून बसले, मधे मुलं मोकळी सोडली. घरी बांधाबांध चालली होती, म्हणून मुंगीलाही इथेच आणून सोडलं होतं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आजोबांच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवून होती.

"पहिली गोष्ट," काका म्हणाले, "मुलाला 'हस' म्हणायचं नाही. आणि 'हसू नको' तर मुळीच म्हणायचं नाही." इथे त्यांनी स्टुलाकडे बघायचं टाळलं. "दुसरी गोष्ट, उभ्याने फोटो काढायचा नाही, पोराच्या उंचीवर उतरायचं. आणि तिसरी, भिंगापुढे बोट येऊ द्यायचं नाही!"

ही तिसरी गोष्ट खास बेकरीवाल्यासाठी होती. ह्या गृहस्थाने आजवर आपल्या जुळ्यांचे जेवढे फोटो काढले, त्या सगळ्यांत त्याचा अंगठा होता. "जुळी कधी कधी नसतात," त्याची बायको म्हणाली, "अंगठा मात्र न चुकता असतो!"

"आता बघा, खाली कसं उतरायचं ते." काका ऐटीत वाकले, गुडघे टेकले, कोपर टेकलं, आणि कमरेत कट्ट झालं!

कळ थेट मस्तकात गेली. काका एका कुशीवर कलंडले. एक पाय वाकडा, गाल फरशीला, हातात कॅमेरा तसाच. "आई गं!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

खोलीत आदरयुक्त शांतता पसरली. "गाल फरशीला लावायचा बरं का," एक आई शेजारणीला कुजबुजली. बघता बघता सगळे आडवे झाले!

"सर, पाय डावा वाकडा करायचा की उजवा?"

"सर, 'आई गं' आपण म्हणायचं की मुलाने?"

उसण भरली म्हणून सांगावं, तर पहिल्याच दुपारी अब्रू गेली! "असंच... पडून राहायचं," काका कळ सोसत म्हणाले. "वाट बघायची."

वर्गाने इमानेइतबारे वाट बघितली. जमिनीवर पसरलेले एवढे आईबाप पोरांनी जन्मात पाहिले नव्हते. कुणी पाठीवर चढलं, कुणी बापाचा कान ओढला, जुळ्यांनी बेकरीवाल्याचा घोडा केला.

इतक्यात मुंगी स्टुलावरून उतरली. काकांच्या नाकासमोर येऊन उकिडवी बसली. कित्येक दिवसांनी तो चेहरा उघडा समोर होता, अगदी हातभर अंतरावर, आणि काकांना कॅमेऱ्याचा हात उचलवत नव्हता! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच कमरेचं नव्हतं.

मुंगीने एक हात त्यांच्या टकलावर ठेवला आणि दरडावून म्हणाली, "आजोबा, हसायचं नाही म्हणून सांगितलं ना! हनुवटी खाली!"

झालं! काकांना हसू फुटलं. हसले की कळ यायची, कळ आली की "आई गं" निघायचं, आणि ते ऐकून मुंगीची हसून हसून मुरकुंडी वळायची. अखेर तिनेच ओरडून सांगितलं, "आजोबांची कंबर मोडलीय!" तेव्हा कुठे वर्ग उठला. बेकरीवाल्याने काकांना मैद्याच्या पोत्यासारखं उचलून घरी पोचवलं.

रविवारी मुंगी गेली. काकांना दारापर्यंतसुद्धा जाता आलं नाही. गादीवर पडल्या पडल्या त्यांनी गाडीचा आवाज ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी बेकरीवाला आला. दारातच घुटमळला. "सर, रागावू नका. परत अंगठा आलाय."

काकांनी त्याचा फोन हातात घेतला. फोटोत एक टकलू म्हातारा आ वासून हसत होता, डोळे मिटलेले, मान वाकडी. त्याच्या टकलावर हात ठेवून मुंगी हसत होती, सगळे दात दाखवून! आणि उजव्या कोपऱ्यात गुबगुबीत अंगठा. काका बेकरीवाल्यासमोरच ढसाढसा रडले.

कंबर बरी झाल्यावर त्यांनी तो फोटो मोठा करायला घेतला. बायको म्हणाली, "अहो, अंगठा तेवढा कापून टाका की!" काकांनी कापून पाहिला. अंगठ्याबरोबर टकलावरचा मुंगीचा हातही जात होता. मग त्यांनी अंगठा राहू दिला.

आता तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत आहे. पुढच्या वर्गाला आलेले आईबाप त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. आत आल्या आल्या एका आईने अदबीने हात वर केला.

"सर, अंगठा उजव्याच कोपऱ्यात ठेवायचा का?"

काकांनी एकदा काचेकडे पाहिलं.

"उजव्याच," ते गंभीरपणे म्हणाले. "पण आधी पोर जवळ येऊ द्यायचं."