खडूची फुली

मास्तरीणबाई तयार कोट विकत घ्यायला निघाल्या, तेव्हा शिंपीमास्तरांना वाटलं, यापेक्षा ही रागावून माहेरी गेली असती तर बरं. त्याला निदान काही कारण सांगता येतं. पण गावातल्या एकुलत्या एका शिंप्याची बायको सुट्ट्यांच्या सेलमध्ये तयार कोट चाचपत उभी आहे, हे लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

बाईंचंही काही चुकत नव्हतं. ‘तुला कोट शिवून देतो’ असं मास्तर म्हणाले, त्याला अकरा वर्षं झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दर हिवाळ्यात बाई आठ दिवस धाकट्या बहिणीकडे जात, आणि दर हिवाळ्यात ती बहीण स्वतःचा जुना कोट त्यांच्या अंगावर घालून म्हणे, “ताई, तुला शिंप्याच्या घरी दिली म्हणून बाबा किती खूश होते गं.”

या वर्षी बाईंनी शांतपणे सांगून टाकलं होतं. “रविवारी मी जाणार ती माझ्या स्वतःच्या कोटात. नाहीतर परत यायचं की नाही, ते तिकडे गेल्यावर ठरवीन.” आवाज चढवला असता तर मास्तरांनी दुर्लक्ष केलं असतं. शांतपणे सांगितल्यामुळे ते मुकाट्याने पिशवी घेऊन मागोमाग निघाले.

दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाव लहान, त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखत होता आणि धक्काबुक्कीसुद्धा रीत सांभाळून चालली होती. लोक एकमेकांच्या पायावर पाय देत एकमेकांच्या सासूची तब्येत विचारत होते. मास्तरांनी टोपी कपाळावर ओढली आणि एका खांबाआड जागा धरली. गर्दीत मुसंडी मारून बाई एक जांभळा कोट घेऊन आल्या, तो मास्तरांच्या हातात दिला आणि “सोडू नका, मी आरशाचा नंबर लावून येते” असं बजावून पुन्हा गर्दीत शिरल्या.

आता शिंप्याच्या हातात दुसऱ्याने शिवलेला कोट देऊन त्याला एकटं सोडणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. मास्तरांनी कोट उलटा केला. अस्तर वाकडं. बाहीची शिवण एका ओढीत उसवेल अशी. त्यांचा हात आपोआप खिशातल्या खडूकडे गेला आणि कोटाच्या पाठीवर पांढरी फुली उमटली. त्यांच्या दुकानात फुलीचा अर्थ एकच, हे उसवा आणि पुन्हा शिवा. एवढ्याने जीव भरेना, म्हणून त्यांनी शेजारी टांगलेला कोट पाहिला. मग त्याच्या शेजारचा. पाऊण तासात त्यांनी अख्खी रांग तपासली आणि सोळा कोटांवर फुल्या मारल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.

हे सगळं दवाखान्यातल्या नर्सबाई पाहत होत्या. त्या मास्तरांच्या शेजारीच राहत, आणि त्यांना कळलेली गोष्ट गावाला कळायला फारसा वेळ लागत नसे. मास्तरांनी स्वतः तपासून खूण केली म्हणजे माल अस्सल, एवढं गणित त्यांनी मनाशी जुळवलं आणि कुजबुजत्या आवाजात चार जणींना ऐकवलं. पाच मिनिटांत अर्धं दुकान कोटांच्या पाठी बघत फिरू लागलं.

मास्तर घाबरले. त्यांनी घसा साफ करून सांगितलं, की बायांनो, फुलीवाले घेऊ नका, ते खराब आहेत.

“बघा, स्वतःसाठी ठेवायचेत म्हणून सांगतायत,” नर्सबाई म्हणाल्या.

हे सगळ्यांना पटलं. मास्तर जितकं नको म्हणत, तितके कोट भराभर उतरत. शेवटी नर्सबाईंनी मास्तरांच्या हातातला जांभळा कोटही “तुम्हाला घरी शिवता येतो की, मास्तर” म्हणत अलगद काढून घेतला.

दुकानदार हात जोडत आला आणि उरलेल्या कोटांवरही तेवढ्या फुल्या मारा म्हणून विनवू लागला. मास्तर ताठ झाले. “उरलेले चांगले आहेत. चांगल्या शिवणीवर मी फुली मारत नाही,” ते म्हणाले. पण उरले होते ते एक तर लहान मुलींचे, नाहीतर पहिलवानांना बसतील असे. तेवढ्यात आरशाचा नंबर लागल्याचं सांगायला बाई आल्या. त्यांनी मास्तरांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग दारातून बाहेर पडणाऱ्या जांभळ्या कोटाकडे पाहिलं. त्याच्या पाठीवरची फुली रस्त्यापलीकडूनही दिसत होती.

घरी आल्यावर बाई थेट स्वयंपाकघरात गेल्या. जेवण वेळेवर झालं, पाणी वेळेवर मिळालं. मास्तरांना मनापासून वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली, कारण बाईंनी कपाटावरची मोठी बॅग खाली काढली होती. आठ दिवसांना छोटी पुरत असे.

सकाळी दुकान उघडायला गेले तर दारात रांग. सर्वांत पुढे नर्सबाई, एका हातात जांभळा कोट आणि दुसऱ्या हातात त्याची बाही. “तुमच्या खुणेवर विसंबून घेतला, मास्तर. आता तुम्हीच निस्तरा,” त्या म्हणाल्या, आणि मागच्या पंधराजणींनी माना डोलावल्या. मास्तरांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काल खरं सांगून काय झालं होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि मान खाली घालून पावत्या फाडायला सुरुवात केली. नाव, काम, तारीख. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्यांनी आयुष्यात कधी चुकवली नव्हती, म्हणून प्रत्येक तारीख ते जपून लिहीत होते.

सोळा झाल्या. सतरावं गिऱ्हाईक टेबलापाशी आलं आणि पुढ्यात जांभळं गरम कापड पडलं, कोरं, घडीही न मोडलेलं.

“नाव?” मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

“माहीत नसेल तर नुसतं गिऱ्हाईक लिहा.”

मास्तरांनी मान वर केली. समोर मास्तरीणबाई उभ्या होत्या, पर्स घट्ट धरून. रांगेत पाऊण तास उभ्या राहिल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“अगं, तू कशाला रांगेत? घरी बघू की,” मास्तर हळूच म्हणाले.

“घरी अकरा वर्षं बघितलं. पावती द्या. आणि तारीख घाला, शनिवारची.”

पावत्या घेऊन निघालेल्या बायका दारातच थांबल्या. मास्तरांनी तारीख घातली, शनिवार, संध्याकाळी पाच. मग टेपला हातही न लावता ते भराभर मापं लिहू लागले. खांदा, छाती, बाही, कंबर, उंची, कुठेही न अडखळता. दारातल्या बायका माना उंचावून बघू लागल्या. नर्सबाईंनी तर बाही डोळ्यांना लावली.

बाईंनी पावती वाचली. बराच वेळ वाचली, आणि कालपासून प्रथमच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. गळ्यात लोंबणारी मास्तरांची टेप त्यांनी काढली आणि त्यांच्याच हातात ठेवली.

“ही लग्नातली मापं आहेत,” त्या म्हणाल्या. “आत्ताची घ्या.”