मारोतकाकांचा ले-ऑफ

आमचे शेजारी मारोतकाका अकरा वर्षं रोज सकाळी आठला कामावर जायचे आणि दहाला परत यायचे. मधल्या वेळात ते काही करत नसत, कारण त्यांची कापसाची जिनिंग बंद होती.

जैनथ रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये काका फिटर होते. मालकानं ले-ऑफ दिला, तेव्हा नियम असा होता की कामगारानं गेटवर येऊन सही करायची, दोन तास थांबायचं, काम निघालं नाही तर घरी जायचं. बाकीचे महिन्याभरात पांगले. काकांनी मात्र शाळकरी वही आणली आणि सही चालू ठेवली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा ओट्यावर बसून मुलांसाठी तक्ता करत होते. 'ले-ऑफ'समोर 'कामावरून काढणे' असं लिहिलं, तर काका कुंपणावरून वाकून वाचतच होते.

"खोडा ते, बाई. ब्रेक-डाऊन म्हंजे मशीन थांबली. शट-डाऊन म्हंजे मालकानं थांबवली. ले-ऑफ म्हंजे माणूस थांबवला. काढला नाही. काऊन पोरायले चुकीचं शिकवून राह्यल्या?"

मी शब्दकोश पुढे केला.

"यायनं कधी गेटवर सही केली हाय का?"

मी खोडलं.

बेल्लमपल्लीला दिलेली लेक कायमचं राहायला बोलवायची, तर काका विचारायचे, "माही रजा मंजूर कोन करन?" लग्नाला जायचे ते दहानंतर. गुडघा धरला की ब्रेक-डाऊन. डॉक्टरनं साखर बंद केली, ते शट-डाऊन.

गेल्या महिन्यात त्यांना इंग्रजीत पत्र आलं. काका हसतच माझ्याकडे आले. "चालू होऊन राह्यली वाटते."

जागा विकली गेली होती आणि सगळ्यांची नोकरी संपली होती. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण जमलं नाही.

"काढलं हाय, काका."

"बरं," म्हणाले, आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या दारात उभे होते.

"तुमची रुक्माकाकू गेली तवापासून सकाळी घरात बसवत नाही, बाई. तिथं वॉचमन तरी रोज म्हने, आले का मारोतराव."

इतकी वर्षं मी या माणसाला हसले, याची मला लाज वाटली. मी दार पूर्ण उघडलं.

"आले का, मारोतकाका? या, बसा."