पंचवीस वर्षांच्या हमीची तुळस

ज्या घरापुढे माती दिसते त्या घराची प्रगती अजून व्हायची आहे, हे तत्त्व चाकण पट्ट्यात आता सर्वमान्य झाले आहे. शेखरची शेती कंपन्यांना गेली आणि उरलेल्या तुकड्यावर बंगला उभा राहिला, तेव्हा पुढच्या अंगणाचे नियोजन करायला पुण्याहून सिद्धेश साहेबांना बोलावण्यात आले. साहेबांनी अंगण न्याहाळले आणि विषय मंजूर केला: 'अस्सल खेडेगाव'.

तदनुसार पहिल्या टप्प्यात विहीर बुजवून तिच्या जागी विहिरीची प्रतिकृती बसवण्यात आली (खोली एक फूट, आत निळे दिवे). कडुनिंब पाने गाळतो असे निदर्शनास आल्याने तो काढून फायबरची बैलजोडी उभी केली. शेणाचा प्रश्न कायमचा मिटला. हिरवळ प्लॅस्टिकची. हिरवाईत शंभर टक्के वाढ, पालापाचोळ्यात शंभर टक्के घट.

राहिली शेखरची आई, सोजराबाई. तिचा एकच नेम: तुळशीला पाणी घातल्याखेरीज चहा घ्यायचा नाही. आणि चहावर जीव असा, की पहाटे डोळा उघडायचा तो तुळशीसाठी की चहासाठी, हे देवालाही छातीठोक सांगता आले नसते. (देवाने कधी विचारले नाही, हा त्याचा मोठेपणा.)

जुनी तुळस विषयाशी विसंगत ठरली, शिवाय तिच्या मंजिऱ्या गळायच्या. सबब तिचे इंद्रायणीत रीतसर विसर्जन झाले. पण सून तेजस्विनी सासूचा नेम मोडू देणारी नव्हती. तिने आग्रह धरला आणि संगमरवरी वृंदावन आले. आत प्लॅस्टिकची तुळस, बारमाही टवटवीत, पंचवीस वर्षांची हमी.

सोजराबाईने तिला मनोभावे तांब्याभर पाणी घातले. ते ओघळून हिरवळीखाली गेले, हिरवळ फुगली आणि बैलांच्या पायाशी असलेल्या दिव्यांची वायर जळाली. तेव्हा ठरले, की नेम जसाच्या तसा चालू राहावा, फक्त तांब्या रिकामा असावा.

"आई, पाण्याचं काय एवढं," शेखरने समजावले. "भाव महत्त्वाचा."

"व्हय बाबा," सोजराबाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून रिकामा तांब्या तुळशीपुढे कलता करू लागली. चहा मात्र तिने सोडला. भांडली नाही, रुसली नाही, नुसता सोडला. घरात सकाळी आले किसल्याचा वास सुटला, की ती देवघरात जाऊन डोळे मिटून बसे.

काम पूर्ण झाल्याचे फोटो काढायला सिद्धेश साहेब आले. सोजराबाईने स्वतः ट्रे आणला. कपबशा नव्या, सोनेरी काठाच्या. कपांत काही नव्हते.

साहेबांनी कपात पाहिले, मग शेखरकडे.

"घ्या की साहेब," सोजराबाई हळूच म्हणाली. "सांडायची भीती न्हाई. भाव म्हत्त्वाचा."

साहेबांनी कप तोंडाला लावला (शिस्तीचा माणूस). शेखरनेही लावला. तेजस्विनी तेवढी उठली आणि त्याच संध्याकाळी आळंदीहून तुळशीचे रोप घेऊन आली.

आराखड्यात त्यानुसार दुरुस्ती झाली आहे. सदर रोप घरामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, रंगाच्या जुन्या डब्यात ठेवण्यास मान्यता मिळाली. सोजराबाई तिथे पाणी घालते आणि तिथेच पालथ्या बादलीवर बसून कढत चहा पिते. आळीत कुणी खोकले, की काढ्यासाठी पाने न्यायला माणसे मागच्या दारानेच येतात. पुढच्या तुळशीचे एकही पान अजून कुणी मागितलेले नाही, त्यामुळे हमी अबाधित आहे.

वाचकहो, हसू आले असेल तर खुशाल हसा. फक्त मग एकदा उठून आपल्या दारावरचे झेंडूचे तोरण पाहून या. मागच्या दसऱ्याचे ना? की त्याच्याही आधीचे? एक फूल म्हणून सुकलेले नसेल.